जिन्याच्या बटणाचं अर्थिंग

१

माझ्या ताईच्या घरात एकाही बटणाला अर्थिंग नाही, हे मी गेली सतरा वर्षं सांगत आलो. दर वेळी दाजी, म्हणजे ताईचे यजमान, मान डोलवत आणि विषय बदलत. घराचं वायरिंग त्यांनी स्वतः केलं होतं. दाजींची सगळी नोकरी एका कारखान्याच्या हजेरीच्या खिडकीत गेली. विजेशी संबंध काय तो पंख्याखाली बसण्यापुरता. पण एक पातळसं पुस्तक आणून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी चार सुट्ट्यांमध्ये अख्खं घर उरकलं, आणि वर मला, वायरमनला, मुद्दाम बोलावून दाखवलं.

बटणांवर त्यांनी पितळी पट्ट्या लावल्या होत्या. कुठल्याशा भंगारातून आणलेल्या, जड, कोपरे झिजलेल्या. भारदस्त दिसतात म्हणे. पितळेची पट्टी, तिच्यामागे लोखंडी डबा, आणि डब्यापासून जमिनीपर्यंत जाणारी एकही तार नाही. आतली एखादी वायर सोलवटून डब्याला टेकली की अख्खी पट्टी जिवंत. मग पहिला जो हात लावेल त्याच्या अंगातून करंट जमिनीत उतरणार, कारण त्याला जमिनीत जायचंच असतं. अर्थिंग म्हणजे माणसाच्या अंगाऐवजी त्याला दुसरी वाट करून देणं, बाकी काही नाही. हे मी दाजींना किती परीनं सांगितलं असेल त्याला गणती नाही.

गेल्या महिन्यात ताईच्या हृदयाला यंत्र बसवलं. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत एक चपटी डबी, आणि तिच्यापासून शिरेतून थेट हृदयात सोडलेली बारीक तार. ठोका चुकला की डबी त्या तारेतून हलकीशी आठवण करून देते. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुठे शॉक वगैरे बसत नाही ना? ताई सहज म्हणाली, बटणांना हात लावला की मुंग्या येतात थोड्या, त्या काय नेहमीच्याच. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. असा एखादा झटका वर्मी बसला तर यंत्र गोंधळेल आणि ताईच्या जिवावर बेतेल, असं त्यांनी दाजींना समोर बसवून ऐकवलं.

तेव्हा कुठे दाजींचा मला फोन आला. तोही कसा, तर मला वेळ असेल तर मी यावं, तशी घाई काही नाही, त्यांना स्वतःला तर काहीच लागत नाही. लागेल कसं? माणूस घरात दिवसभर रबरी चपला घालून फिरतो. ताई जन्मात कधी घरात चप्पल घालत नाही.

२

पहिलाच डबा उघडला आणि मी कपाळावर हात मारला. दाजींनी जिवंत वायर म्हणून हिरवी वायर वापरली होती. हिरवी फक्त अर्थिंगची असते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. लाल संपली होती आणि हिरवी अख्खी पडून होती, हे त्यांचं उत्तर. सहा डब्यांपैकी चारांत हा प्रकार होता. तो निस्तरण्यात माझा सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ गेला, आणि दाजी स्टुलापाशी उभे राहून मी पक्कड कशी धरायला हवी ते सांगत होते.

मग अर्थिंगची वायर ओढायची होती. प्रत्येक डब्यापासून मेन बोर्डापर्यंत भिंतीच्या आत पाइप असतो. डब्याच्या बाजूने त्यात पोलादी स्प्रिंग सारायची. तिचं टोक बोर्डापाशी बाहेर येतं. तिथला माणूस त्याला वायर बांधतो आणि डब्यापाशी उभा असलेला ती ओढून घेतो. दोघं दोन खोल्यांत, मध्ये भिंती, ओरडून ओरडून घसा बसतो. म्हणून माझ्या उस्तादांनी आम्हाला तारेवर बोलायला शिकवलं होतं. दोन हिसके म्हणजे ‘बांधली, ओढ’. ते नेहमी बांधणाऱ्याने द्यायचे. एक हिसका म्हणजे ‘थांब’. तो कोणीही द्यावा. आणि थांब म्हटल्यावर टोक हातातून सोडायचं नाही, कारण समोरचा तुमच्या भरवशावर बसलेला असतो.

दाजींना मी बोर्डापाशी बसवलं आणि हे तीनदा समजावलं. त्यात काय एवढं, म्हणाले. पहिल्या डब्याला त्यांनी वायर बांधायच्या आधीच दोन हिसके दिले आणि मी नुसती स्प्रिंग हातात घेऊन भिंतीवर आपटलो. दुसऱ्या वेळी चार हिसके आले. चार म्हणजे काय, विचारायला गेलो तर म्हणाले, दोनदा सांगितलं, तुला एकदा कळलं नाही तर. त्यांची गाठ म्हणजे चिकटपट्टीचा बटाट्याएवढा गोळा, तो पाइपात अडकायचाच. पाच डबे होईस्तोवर माझ्या नाकी नऊ आले.

शेवटचा डबा जिन्याचा. माडीवर जाणाऱ्या जिन्याच्या सहाव्या पायरीपाशी. तो पाइप सगळ्यांत लांब, अकरा मीटर, मध्ये दोन वळणं. हा घाम काढणार हे मी धरून चाललो होतो. स्प्रिंग सारली, टोक पोचायला अजून हातभर अवकाश असेल असं वाटत होतं, तोच हिसके आले. दोन. नेमके, हलके, मध्ये श्वासाएवढं अंतर. मी ओढायला लागलो. वळणावर वायर अडली तसा मी एक हिसका दिला, आणि समोरचा माणूस थांबला. नुसता थांबला नाही, त्याने बोटभर वायर मागे घेतली, सैल केली, आणि पुन्हा दोन हिसके दिले. वायर लोण्यासारखी आली. गाठ हातात आली तेव्हा मी ती दोन वेळा बघितली. टोक दुमडून तीन वेढे, वर चपटी, घट्ट, एकही सुरकुती नसलेली चिकटपट्टी. असा जोडीदार मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

मी खाली येता येताच म्हटलं, वा दाजी. अठ्ठावीस वर्षांत त्यांचं मी केलेलं हे पहिलं कौतुक. खोलीत कोणी नव्हतं. वायरचं बंडल बोर्डाखाली गप पडलं होतं. ताई माडीवर आडवी झाली होती. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता, तो थांबला, आणि दाजी डोकं पुसत बाहेर आले. अंग धुळीने खाजत होतं म्हणून आंघोळीला गेलो होतो, म्हणाले.

मी विचारलं, मग जिन्याची वायर कोणी बांधली?

दाजींनी टॉवेल खांद्यावर टाकला, माझ्याकडे बघितलं आणि हनुवटी वर केली. "मीच. बांधून ठेवली अन् मग गेलो."

हिसक्यांचं काय, असं मी विचारणार होतो. पण पोलादी स्प्रिंग आहे, दाबली की उसळते, वळणावर झटके खाते. माझं अंग दमलेलं, डोकं तापलेलं. एक दिवस दाजींना गाठ जमली असेल, तर ते सुखही मी का नाकारावं?

३

सगळं जोडून मीटर लावला. मीटरचं एक टोक बोर्डाच्या अर्थिंगला आणि दुसरं पट्टीला टेकवलं की रस्ता सलग असल्यास तो पिपाणीसारखा वाजतो. सहाही पट्ट्या वाजल्या. टेस्टर कुठेच पेटला नाही. मी चपला काढून, पाय ओले करून एकेका पट्टीवर तळहात ठेवला. थंडगार पितळ, बाकी काही नाही.

मग ताईला म्हटलं, आता तू लावून बघ. ती पदर खोचून निघाली, एकेका बटणाला हात लावत, आणि प्रत्येक ठिकाणी मला, बावन्न वर्षांच्या घोड्याला, म्हणत होती, शाबास रे बारक्या. जिन्यापाशी हात लावला आणि तिथेच उभी राहिली.

मी विचारलं, मुंग्या?

"नाही रे. मुंग्या गेल्या. इथं कोणीतरी ओढल्यासारखं होतंय." तिने बोट ठेवलं ते पट्टीवर नाही, गळपट्टीच्या हाडाखाली, डबी होती तिथे. "दोनदा. मग थांबतं. मग परत दोनदा."

मी तिचा हात बाजूला केला. पट्टी खोलली, डबा तपासला, मीटर लावला, वाजला. मेन बंद करून पुन्हा तिला हात लावायला सांगितलं. घरात वीज नावालाही नव्हती, आणि ताई म्हणाली, दोनदा.

याचा मला राग आला हे कबूल करतो. घाबरायला हवं होतं, पण राग आला. करंट असेल तर तो मीटरला दिसतो, नसेल तर नसतो. तिसरा प्रकार मी पस्तीस वर्षांत बघितलेला नाही. नवीन यंत्र आहे, टाका ओढत असेल, मनात भीती बसली असेल, असं मी तिला सांगितलं, आणि दाजींनी लगेच री ओढली, की त्यांना तर काहीच लागत नाही. ताई हसली आणि तिने विषय सोडला. आमची ताई अशीच आहे, समोरचा चिडला की तिला स्वतःचंच चुकल्यासारखं वाटतं. तरी निघताना मी तिला बजावलं, जिन्याचं बटण तू वापरू नकोस. त्यावर ती म्हणाली की घरात वर-खाली करायचं तर ते वापरणं आलंच, आणि त्रास काही होत नाही, नुसतं कोणी बोलावल्यासारखं वाटतं.

४

अकराव्या दिवशी ताई जिन्यात पडली. सहाव्या पायरीवर, हात भिंतीला. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून वेळेवर पोचली.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर फोटो दाखवला. हृदयातली तार जागची सरकली होती, बोटाच्या पेरभर. त्यांनी ती पुन्हा बसवली. असं होतं कधीकधी, म्हणाल्या, हात जोरात वर नेला, काही जड उचललं की. ताईने काही उचललं नव्हतं. पण मी मान डोलवली, कारण मलाही तेच ऐकायचं होतं. तार सरकली ती कुठल्या दिशेला, हे मात्र मी विचारलं. बाहेरच्या दिशेला, म्हणाल्या, कोणी ओढावी तशी.

दोन रात्री मी आणि दाजी दवाखान्याच्या बाकावर होतो. डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी दाजींनी चहाचा कागदी कप चुरगाळत, माझ्याकडे न बघता सांगितलं.

"जिन्याची ती गाठ. मी नव्हती बांधली."

चुरगाळलेला कप त्यांनी बाकाखाली ठेवला.

"तू वा म्हणालास. मला वाटलं, असू दे."

दुसरी कोणती वेळ असती तर मी त्यांना असा काही फैलावर घेतला असता की बास. पण त्यांचा चेहरा बघून माझ्याने बोलवेना. न केलेल्या कामाचं श्रेय घेण्याची त्या माणसाची ही काही पहिली वेळ नव्हती, पण अठ्ठावीस वर्षांत ते परत करण्याची पहिलीच होती. मी म्हटलं, ताईला सोडायला संध्याकाळ होईल, मी घरी जातो आणि ती वायर उपटून काढतो. त्यांनी किल्ली दिली.

५

रिकाम्या घरात शिरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सगळ्या खिडक्यांतून लख्ख ऊन. घाबरण्यासारखं घरात काहीही नव्हतं, हे मी नोंदवून ठेवतो. मेन बंद केला, बोर्ड उघडला, जिन्याची हिरवी वायर स्क्रूमधून सोडवली आणि ओढली. वीतभर आली आणि अडली.

मग दोन हिसके आले.

उंदीर, मी मोठ्याने म्हटलं. पाऊण इंची पाइपात उंदीर शिरत नाही हेही मला माहीत होतं, पण रिकाम्या घरात आपला आवाज ऐकला की बरं वाटतं. पुन्हा दोन. तेच अंतर, तोच हलका, सरावाचा हात. मी वायर चिमटीत धरली आणि एक हिसका दिला.

ते थांबलं.

उंदीर थांबत नाही. वळणावर पीळ बसलेली वायर थांबत नाही. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. हिशोब मात्र लागत गेला. दोन हिसके ओढणारा देत नाही, बांधणारा देतो. आत जे कोणी होतं ते काहीच ओढत नव्हतं. त्याने दुसऱ्या टोकाला काहीतरी बांधून ठेवलं होतं आणि तो नुसता सांगत होता, ओढ. त्या दिवशी मला सांगितलं, मी शहाण्यासारखं वायर ओढून घेतली आणि त्याची वाट सलग केली. मग अकरा दिवस तो ताईला सांगत होता, तिच्या छातीतल्या तारेवर.

वायरचं टोक बोर्डाच्या कडीला गुंडाळून मी जिन्यात गेलो. पट्टी खोलली. हिरवी वायर मी आवळली होती तशीच स्क्रूखाली होती, सैल, अगदी निवांत. म्हणजे हिसके या टोकाकडून येत नव्हते. या टोकाकडून येत नव्हते आणि बोर्डाकडून मी देत नव्हतो. मी कटरने वायर पाइपाच्या तोंडाशी कापली. आत बॅटरी मारली. चार बोटं दिसलं, पुढे वळण. कापलेलं टोक आत ढकलावं म्हणून मी करंगळी पाइपात घातली.

आतून तिला कोणीतरी चाचपलं. अंगठा आणि एक बोट, बास, तेवढंच. नखाशी आले, पेरावर थांबले, पुन्हा नखाशी आले. अंधारात वायर किती सोललीय हे आम्ही असंच बघतो. मी गारठून उभा राहिलो. मग करंगळीभोवती एक वेढा बसला. सावकाश, बेताचा. मग दुसरा.

तिसऱ्याच्या आत मी हात हिसडून काढला. कातडी सोलली. करंगळीवर चिकटपट्टीचा डिंक होता, ताजा, ओढला की तार सुटत होती.

खाली बोर्डापाशी कडीला बांधलेली वायर पत्र्यावर टकटक करत होती. दोन. मग दोन. मला पळून जायला हवं होतं, आणि मी पायरीवर बसून स्वतःला तेच सांगत होतो. पण उत्तर मिळालं नाही की बांधणारा दुसऱ्या कोणाला तरी हाक मारतो. तो कोणाला मारेल हे मला माहीत होतं. मी खाली गेलो, टोक सोडवून मुठीत घेतलं, आणि एक हिसका दिला. टकटक थांबली.

६

डाव्या हाताने दाजींना फोन लावला. सांगितलं, ताईला इकडे आणू नका, माझ्या घरी न्या. दाजी म्हणाले, काय? मी म्हटलं, माझ्या घरी. दाजी म्हणाले, हो हो, आम्ही घरीच निघालोय, लवकर सोडलं, कोपऱ्यावर आहोत. आणि फोन ठेवला. या माणसापुढे मी कायमचे हात टेकले आहेत.

पाच मिनिटांत ताई दारात. एक हात गळ्यातल्या झोळीत, चेहरा कागदासारखा, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, बारक्या, जेवलास का? मी भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसलो होतो, वायर मुठीत. ताई माझ्याशेजारी खाली बसली. मी म्हटलं, उठ, निघ, काही विचारू नकोस. तिने विचारलंच. मग मी सगळं सांगितलं, दोन हिसके, एक हिसका, गाठ, करंगळी. दाजी मध्येच म्हणाले, याला झोपेची गरज आहे, आणि ते चुकीचं नव्हतं.

ताईने करंगळी बघितली, फुंकर घातली. तिला भीती वाटलेली दिसली नाही. तिने एवढंच विचारलं की तो बांधून किती दिवस बसला असेल. मी म्हटलं, ते आपल्याला काय करायचंय. दाजींना म्हटलं, टॅक्सी बघा, आत्ताच्या आत्ता ताईला इथून न्या. दाजी कुरकुरत, चपला फटफटवत बाहेर पडले. ताई म्हणाली, तुला असं टाकून मी जाईन होय? दे इकडे, मी धरते, तू घटकाभर पाठ टेक. मी म्हटलं, मेलो तरी नाही. ती म्हणाली, बरं बाई, नको देऊस, आणि माझ्या केसांतून हात फिरवत बसली. लहानपणी मला ती अशीच झोपवायची, आईला कामातून सवड नसायची. मी डोळे मिटणार नव्हतो. दोन रात्रींचा जागा होतो, ऊन पायांवर आलं होतं, आणि वायर अगदी शांत होती.

७

मूठ रिकामी आहे हे मला डोळे उघडायच्या आधी कळलं.

ताई समोर मांडी घालून बसली होती. दवाखान्याची झोळी तिने काढून ठेवली होती. दोन्ही हातांनी ती ओढत होती, एक हात, दुसरा हात, विहिरीतून बादली काढावी तसं. तिच्या मांडीवर हिरव्या वायरची वेटोळी पडली होती. अकरा मीटरची वायर. दुसरं टोक मी स्वतः कापलेलं. मी नजरेनेच वेटोळी मोजायला लागलो आणि पंचवीस मीटरच्या पुढे मोजणं सोडून दिलं. भिंतीच्या आत, जिन्याच्या बाजूने, काहीतरी जड घासत येत होतं. वळणाशी आवाज थांबला, ताईने बोटभर सैल सोडली, पुन्हा ओढली, आणि आवाज वळणाच्या अलीकडे आला. इतकं सफाईने हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"झालं का डोळा लागून?" ती म्हणाली. "सारखा दोनदा दोनदा सांगत होता रे. तू उत्तर देईनास. म्हटलं, किती वेळ ताटकळत ठेवायचं एखाद्याला."

मी म्हटलं, ताई, सोड. ते शब्द माझ्या तोंडातून नीट निघाले की नाही मला माहीत नाही. मी वायर धरायला हात घातला तर तिने कोपराने मला बाजूला केलं, रागाने नाही, स्वयंपाकघरात मध्ये मध्ये करणाऱ्याला करतात तसं.

"आता कशी सोडू? आलंच आहे." मग तिचा चेहरा उजळला आणि तिने हनुवटीने स्वतःच्या छातीकडे दाखवलं. "आणि गंमत सांगू? इथली ठकठक थांबली बघ. सगळी. महिन्यानंतर आज जरा शांत वाटतंय."

मी तिचं मनगट पकडलं. हात गरम होता, आणि तो माझ्या पकडीतही ओढत होता, एका लयीत, जराही न दमता. मी अंगठा नाडीवर दाबला. जागा बदलून दाबला. मग गळ्यापाशी, जबड्याच्या खाली, दोन बोटं ठेवली आणि श्वास रोखून थांबलो. पाइपातला आवाज बोर्डाच्या अगदी जवळ आला होता. माझ्या बोटांखाली काहीही नव्हतं.

"गुदगुल्या नको करूस रे," ताई म्हणाली, आणि तिने पुढचा हात घातला.